मानेवरची गाठ आणि इंटरनेटवरचे निदान

गेल्या वर्षी मला मानेतील लसिका ग्रंथींचा (लिम्फ नोड्सचा) क्षयरोग झाला. सहा महिन्यांचा औषधोपचार पूर्ण झाला असून आता माझी प्रकृती उत्तम आहे. पहिल्यांदा गाठ हाताला लागली तेव्हापासून निदान निश्चित होईपर्यंत मधले काही आठवडे गेले. त्या काळात मी इंटरनेटवर पुष्कळ वाचले, लक्षणे विचारून आजाराचे नाव सांगणारी साधने वापरली, हाती आलेल्या प्रत्येक अहवालातील शब्द शोधून पाहिले. मी अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे वाचलेले समजून घेण्याइतकी तयारी माझ्याजवळ होती आणि इंग्रजीची अडचण नव्हती. तरीही त्या वाचनाने मला ज्या दिशेने नेले ती दिशा आपल्या भागाची नव्हती. ते का, हे मला हळूहळू उमगत गेले, आणि तेच सविस्तर लिहावे असे वाटते.

गाठ उजव्या बाजूला, कानाच्या पाळीखाली पण थोडी मागच्या अंगाला होती. सुरुवातीला ती हरभऱ्याच्या दाण्याएवढी होती, दुखत नव्हती आणि बोटाखाली सरकत होती. दहावीच्या परीक्षेचे काम चालू असल्यामुळे मी थोडे दिवस वाट पाहिली. एप्रिलमध्ये तिच्या शेजारी दुसरी गाठ जाणवू लागली आणि संध्याकाळी अंग कसकसल्यासारखे होऊ लागले. तेव्हा मी शोध सुरू केला.

इंग्रजीतून शोधले तेव्हा बहुतेक पाने ब्रिटन आणि अमेरिकेतील आरोग्यसंस्थांची निघाली. ती काळजीपूर्वक लिहिलेली होती, त्यांत भडकपणा नव्हता. बहुतेक गाठी सर्दी, घसा, दात किंवा कान यांच्या संसर्गाने येतात आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतात, असे त्यांत लिहिले होते. दोन आठवड्यांनंतरही गाठ राहिली, वाढत गेली, कडक वाटली, किंवा ताप आणि रात्रीचा घाम सोबत असला तर डॉक्टरांना दाखवावे, ही सूचनाही होती आणि ती अगदी योग्य आहे. परंतु त्यापुढे ‘कारणे’ या मथळ्याखाली जो क्रम होता तो असा: विषाणूंचा संसर्ग, ग्रंथिज्वर, थायरॉईड आणि मग लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. क्षयरोगाचे नाव काही पानांवर अगदी शेवटी, ‘क्वचित’ या शब्दासह होते, तर काही पानांवर ते नव्हतेच.

मराठीतून शोधले तेव्हा चित्र निराळे होते. तेथे कारणांची चर्चा फार थोडी आणि उपायांची फार मोठी होती. हळद-चुन्याचा लेप, एरंडाच्या पानाचा शेक, कांचनार गुग्गुळ, अमुक दिवसांत गाठ विरघळण्याची खात्री. गाठ कशाची आहे हे न पाहताच ती घालवण्याचा उपाय सांगणारे हे व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिलेले होते. मला त्यांचा राग येतो आणि तो मी लपवत नाही, कारण मानेच्या गाठीवर महिनोन्महिने लेप लावून अखेर ती फुटून वाहू लागल्यावर दवाखान्यात आलेली माणसे आमच्या तालुक्यात मी स्वतः पाहिली आहेत.

मला कर्करोगाच्या शक्यतेने ग्रासले, हे सांगायला हवे. लिम्फोमाची जी तीन लक्षणे सर्वत्र एकत्र दिली जातात ती म्हणजे ताप, अंथरूण भिजवणारा रात्रीचा घाम आणि सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन घटणे. ही यादी वाचताना मी स्वतःला पडताळू लागले आणि तेथेच अडचण सुरू झाली. मे महिन्यात अमळनेरला पारा ४४-४५ अंशांवर असतो, रात्री दहा वाजतासुद्धा भिंती तापलेल्या असतात, आणि वीज गेली किंवा कूलरमधले पाणी संपले की घरातला प्रत्येक माणूस घामाने भिजून उठतो. त्यातला कोणता घाम आजाराचा आणि कोणता हवेचा? वजनाचेही तसेच होते. उन्हाळ्यात आपल्याकडे भूक मरते, दुपारच्या जेवणाला ताकाशिवाय काही नको वाटते, लग्नसराईत झोप आणि जेवणाच्या वेळा बिघडतात. वजन दोन-तीन किलोंनी उतरणे हे दरवर्षीचेच असते. थंड देशातल्या माणसासाठी लिहिलेले लक्षण खानदेशातल्या उन्हाळ्यात जसेच्या तसे मोजता येत नाही, हे मला तेव्हा प्रथम कळले. ताप मात्र मोजता येतो. म्हणून मी रोज सकाळी आणि संध्याकाळी थर्मामीटर लावून वहीत आकडे लिहायला सुरुवात केली. सकाळी तो साधारण नेहमीसारखा असे आणि संध्याकाळी शंभरच्या आसपास जाई. ही वही पुढे डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडली.

याच सुमारास मी स्वतःच्या भीतीविषयीही वाचले. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील रायन व्हाइट आणि एरिक हॉर्व्हिट्झ यांनी २००८ मध्ये या विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. साध्या डोकेदुखीसारख्या लक्षणावरून शोध सुरू करणारा माणूस मेंदूतील गाठीसारख्या दुर्मीळ आणि गंभीर आजारांकडे कसा सरकत जातो, आणि त्या आजारांवरील मजकूर त्यांच्या प्रत्यक्ष प्रमाणाच्या मानाने किती अधिक समोर येतो, हे त्यांनी दाखवले. गंभीर आजारावर लिहिले जाते जास्त, वाचले जाते जास्त, म्हणून ते वरही येते. २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी लक्षणांवरून निदान सुचवणारी २३ साधने तपासली. त्यांना ४५ नमुना रुग्णांची माहिती पुरवली असता योग्य निदान पहिल्या क्रमांकावर येण्याचे प्रमाण ३४ टक्के होते, आणि पहिल्या वीस नावांत ते सापडण्याचे प्रमाण ५८ टक्के होते. हे आकडे वाचून माझी भीती गेली नाही. पण मी जे वाचत होते त्याला निर्णय न मानता केवळ एक यादी मानायचे, एवढे ठरवता आले.

मी वापरलेल्या एका साधनाने मला वय विचारले, स्त्री की पुरुष ते विचारले, गाठ किती दिवसांपासून आहे, दुखते का, धूम्रपान करता का, हेही विचारले. मी कोठे राहते, हे त्याने विचारले नाही. हा एक प्रश्न वगळला गेल्यामुळे काय होते, ते आकड्यांवरून कळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारतात दर लाख लोकसंख्येमागे सुमारे १९५ जणांना नव्याने क्षयरोग झाला. अमेरिकेत त्याच वर्षी हे प्रमाण दर लाखामागे सुमारे तीन होते. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. फुप्फुसाबाहेरच्या क्षयरोगात लसिका ग्रंथींचा क्षय सर्वाधिक आढळतो. मग मानेतील न दुखणाऱ्या गाठी, संध्याकाळचा ताप आणि घटलेले वजन ही तीच लक्षणे बोस्टनमधल्या बाईच्या बाबतीत एका क्रमाने विचारात घ्यावी लागतात आणि अमळनेरमधल्या बाईच्या बाबतीत दुसऱ्या क्रमाने. लक्षणे एकच असली तरी कोणता आजार अधिक संभवतो हे माणूस ज्या हवेत श्वास घेतो, ज्यांच्यासोबत राहतो, त्यावर ठरते.

हे पडताळण्यासाठी मी संवादातून उत्तर देणाऱ्या एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला तोच प्रश्न दोनदा विचारला. पहिल्यांदा फक्त लक्षणे दिली. दुसऱ्यांदा त्यात ‘मी महाराष्ट्रातील जळगाव जिल्ह्यात राहते, शाळेत काम करते, संध्याकाळी शंभरच्या आसपास ताप येतो’ एवढे वाढवले. दुसऱ्या उत्तरात क्षयरोग यादीच्या माथ्यावर आला आणि सुईने नमुना घेऊन तपासणी करावी लागेल असेही त्याने लिहिले. प्रश्नात गाव घातले की उत्तर बदलते, पण गाव घालायला हवे हे विचारणाऱ्याला आधीच माहीत असावे लागते.

आमच्या शाळेतील एक सहकारी पूर्वी सातपुड्यात, धडगाव भागातल्या आश्रमशाळेत होते. त्यांनी याच धर्तीचा अनुभव सांगितला. तेथील मुलांचे सांधे दुखतात, डोळे पिवळट दिसतात, वरचेवर ताप येतो. शहरातला पालक हे शोधायला गेला तर त्याला वाढीच्या वयातील दुखणे, संधिवात, कावीळ, डेंग्यू अशी नावे मिळतील. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजात मात्र अशा वेळी सर्वांत आधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणी करायची असते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले ते अशाच भागांसाठी. तेथील आशाताईला जे माहीत असते ते शोधयंत्राच्या पहिल्या पानावर सापडत नाही.

मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वही पाहिली, मग मागे उभे राहून दोन्ही हातांच्या बोटांनी मानेच्या दोन्ही बाजू सावकाश चाचपल्या. हनुवटीखाली, कानामागे, मानेच्या मागच्या कडेने, गळपट्टीच्या हाडावरच्या खळग्यात. नंतर काखा, जांघा आणि आडवे झोपवून बरगडीखाली प्लीहा लागते का ते पाहिले. दोन गाठी एकमेकींना चिकटू लागल्या आहेत, असे ते म्हणाले. हे मला माझ्या बोटांना कळले नव्हते आणि कोणत्याही छायाचित्रावरून कळले नसते. मग त्यांनी विचारले, “मॅडम, घरात कोणाला कधी टीबी झाला होता का?” मला माहीत असलेल्या कोणालाही नव्हता, तसे मी सांगितले.

संध्याकाळी घरी ही हकिगत सांगत होते. सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. मी रोज रात्री मोबाईल घेऊन बसते हे त्यांना कित्येक दिवसांपासून खटकत होते, आणि “त्या मोबाईलले तुनी मान दिखस का?” असे त्यांनी मला आधीही विचारले होते. त्या दिवशी मात्र त्यांनी हातातले काम बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, “तुना सासराले टीबी व्हयेल व्हती, हाई डाक्टरले सांग.” माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी सासऱ्यांनी क्षयरोगाची औषधे घेतली होती, पण पूर्ण केली नव्हती, आणि पुढे शेवटच्या वर्षांत त्यांना पुष्कळ खोकला होता. तो खोकला मी पाहिला होता. विडीचा म्हणूनच घरात त्याची गणना होत असे. त्यांच्या उशापायथ्याशी मीच असे. क्षयाचे जंतू शरीरात शिरल्यावर वर्षानुवर्षे निपचित राहू शकतात आणि संसर्ग झालेल्यांपैकी साधारण पाच ते दहा टक्के लोकांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष आजार होतो. माझी प्रकृती मधल्या काळात खालावली आणि त्याला वाट मिळाली, असे डॉक्टरांचे मत पडले. इतके दिवस मी जे शोधत होते त्याचा सर्वांत महत्त्वाचा धागा आमच्याच ओसरीवर होता, आणि तो डॉक्टरांच्या एका प्रश्नामुळे बाहेर आला.

डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे आणि मानेची सोनोग्राफी सांगितली. दरम्यान त्यांनी साध्या संसर्गाची शक्यता दूर करण्यासाठी थोड्या दिवसांचे प्रतिजैविक लिहिले. क्षयरोगाचा संशय असताना लेव्होफ्लॉक्सासिनसारख्या गटातील प्रतिजैविके टाळावीत, कारण ती क्षयाच्या जंतूंवरही काही अंशी परिणाम करतात आणि निदान लांबणीवर पडते, असे मी वाचले होते. मी डॉक्टरांना तसे विचारले. त्यांनी नाराज न होता चिठ्ठी माझ्यापुढे धरली आणि दिलेले औषध त्या गटातले नाही, हे नाव दाखवून सांगितले. इंटरनेटवरच्या वाचनाचा खरा उपयोग मला येथे झाला. निदान मी केले नाही, पण निदानाच्या वाटेवर काय बिघडू शकते हे विचारता आले.

दुसरा उपयोग सुईच्या तपासणीच्या वेळी झाला. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाची मार्गदर्शक पुस्तिका इंटरनेटवर कोणालाही वाचता येते आणि ती कोणत्याही व्हिडिओपेक्षा कितीतरी मोलाची आहे. तीत असे आहे की गाठीतून काढलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच, शिवाय त्याचा काही भाग क्षयाच्या जंतूंचे जनुकीय अंश शोधणाऱ्या सीबीनॅट चाचणीलाही पाठवावा. त्यासाठी तो भाग फॉर्मेलिनमध्ये न ठेवता साध्या सलाईनमध्ये ठेवावा लागतो, कारण फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात आणि पुढे संवर्धन करून कोणते औषध चालते ते पाहण्याची सोयच राहत नाही. मी सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने जळगावला गेले आणि पॅथॉलॉजिस्ट बाईंना हे आधीच विचारून घेतले.

प्रत्यक्ष तपासणी लहानशी होती. मला उशी खांद्याखाली घेऊन मान डावीकडे वळवून झोपायला सांगितले. स्पिरिटचा थंड बोळा फिरला. बाईंनी डाव्या हाताच्या दोन बोटांत गाठ पकडून स्थिर केली आणि बारीक सुई आत घालून ती जागच्या जागी मागे-पुढे केली. दुखले ते मुंगी चावल्यापेक्षा अधिक आणि दात काढण्यापेक्षा पुष्कळ कमी. सिरिंजमध्ये पिवळसर, दह्याच्या निवळीसारखे काहीतरी आले. ते काचपट्ट्यांवर टाकून त्यांनी दुसऱ्या काचपट्टीने पसरवले, काही पट्ट्या लगेच द्रवात बुडवल्या आणि उरलेला अंश झाकणाच्या छोट्या नळीत सलाईनमध्ये सोडला. नळीवर माझे नाव लिहून त्यांनी ती मला दाखवली.

अहवाल रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आला. डॉक्टरांची भेट दुसऱ्या दिवशी होती, तेव्हा मधली रात्र त्या अहवालासोबत काढायची होती. त्यात एपिथेलिऑइड पेशी, ग्रॅन्युलोमा, केसियस नेक्रोसिस असे शब्द होते. एकेक शब्द शोधला. ग्रॅन्युलोमा, म्हणजे दीर्घकाळच्या सुजेत जमणारा पेशींचा पुंजका, शोधले तर क्षयरोग, सार्कोइडोसिस, बुरशीचे संसर्ग, मांजर ओरखडल्याने होणारा आजार अशी लांबलचक मालिका निघाली. कर्करोगाची शक्यता कमी आहे एवढे त्यातून कळले आणि त्या रात्री मला तेवढे पुरेसे वाटले. अहवालाच्या तळाशी ‘रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे’ अशा अर्थाची एक ओळ होती. आजवर अनेक अहवालांवर ती मी पाहिली होती आणि ती केवळ रीत म्हणून छापली जाते असे मला वाटत असे. त्या ओळीत काम सांगितलेले असते. सूक्ष्मदर्शकाने जे दिसले ते येथे आहे, आता रुग्णाला ज्याने तपासले आहे, ज्याने ताप पाहिला आहे, घरातल्या आजारांची चौकशी केली आहे त्याने पुढचा शब्द बोलावा, असा तिचा अर्थ आहे.

एका ठिकाणी क्षयासाठी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या असा सल्ला वाचला होता. अशा रक्तचाचण्या विश्वासार्ह नसल्याने भारत सरकारने २०१२ मध्येच त्यांच्यावर बंदी घातली आहे. हातावर इंजेक्शन देऊन सूज मोजण्याची मांटू चाचणीही आपल्याकडे एकट्याने फारसे सांगत नाही, कारण आपल्या देशात पुष्कळ निरोगी प्रौढांनाही कधीतरी क्षयाच्या जंतूंचा संसर्ग होऊन गेलेला असतो. ज्या देशात क्षय दुर्मीळ आहे तेथे याच चाचणीला बरेच वजन असते. येथेही पुन्हा देशाचाच प्रश्न.

सीबीनॅटच्या निकालात क्षयाचे जंतू सापडले आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला ते दाद देतात हेही कळले. ही चाचणी यंत्रात सुमारे दोन तासांत होते आणि सरकारी व्यवस्थेत विनामूल्य होते. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. माझे नाव क्षयरुग्णांच्या नोंदीसाठीच्या सरकारी निक्षय प्रणालीत नोंदवले गेले. क्षयरोगाची नोंद करणे खाजगी डॉक्टरांवरही २०१२ पासून बंधनकारक आहे, त्यामुळे त्यात लपवण्यासारखे काही नाही. तालुक्याच्या क्षयरोग पथकातील वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकांनी मधुमेह आणि एचआयव्हीची तपासणी करवून घेतली, वजनाप्रमाणे गोळ्यांची संख्या ठरवली आणि पोषण आहारासाठीचे पैसे जमा होण्याकरिता बँकेचे तपशील घेतले. ही रक्कम पूर्वी महिन्याला ५०० रुपये होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये झाली आहे. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे एकत्रित गोळीतून आणि पुढचे चार महिने त्यातले पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन, असा क्रम होता.

उपचार सुरू झाल्यावरही माझा शोध थांबला नाही, फक्त त्याचे रूप बदलले. लघवीचा रंग केशरी झाला तेव्हा तो रिफॅम्पिसिनमुळे होतो आणि त्यात धोका नाही हे आधीच वाचले असल्यामुळे घाबरायला झाले नाही. इथॅम्ब्युटॉलमुळे क्वचित नजरेवर, विशेषतः लाल-हिरव्या रंगांच्या ओळखीवर परिणाम होतो हे वाचून मी ते डॉक्टरांशी बोलले, आणि नजरेत काही फरक वाटला तर त्याच दिवशी यायचे असे ठरले. घरातल्या काही मंडळींनी मोबाईलवर ‘टीबी पसरतो का’ असे शोधले होते. तेथे मिळालेले उत्तर फुप्फुसाच्या क्षयाविषयी होते. त्यावरून माझे ताट-वाटी वेगळी करण्याची भाषा सुरू झाली. क्षय भांड्यांतून पसरत नाही, तो खोकल्यातून हवेत उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून पसरतो. मला फुप्फुसाचा क्षय नव्हता, म्हणून माझ्यापासून कोणालाही लागण होण्याचा प्रश्न नव्हता, शाळेत जाण्यालाही आडकाठी नव्हती. पर्यवेक्षकांनी घरी येऊन हे सांगितले, घरातल्या प्रत्येकाची खोकला-तापाची चौकशी केली, आणि सासूबाईंचा एक्स-रे काढून घेतला. तो चांगला निघाला. त्यानंतर ताटाचा विषय कोणी काढला नाही.

दुसऱ्या महिन्यात मात्र एक कठीण काळ आला. ताप गेला होता, भूक परत आली होती, कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत पुन्हा गोड लागत होते, आणि अशा वेळी गाठ मोठी होऊ लागली. शोधयंत्राने ‘औषधाला न जुमानणारा क्षय’ हे पहिले उत्तर दिले. तेव्हा मी ठरवले की हा प्रश्न मोबाईलला विचारायचा नाही. सीबीनॅटचा निकाल हाताशी होता, डॉक्टर जवळ होते. त्यांनी तपासून सांगितले की लसिका ग्रंथींच्या क्षयात उपचार चालू असताना काही रुग्णांच्या गाठी तात्पुरत्या वाढतात. मेलेल्या जंतूंच्या अंशांविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया उमटते म्हणून तसे होते, आणि त्यासाठी औषध बंद करायचे किंवा बदलायचे नसते. काही आठवड्यांत गाठ पुन्हा ओसरू लागली. याच वेळी गोळ्या सोडून देणारे रुग्ण पुष्कळ असतात, असे पर्यवेक्षक म्हणाले. सासऱ्यांनी गोळ्या अर्ध्यावर टाकल्या त्या का, हे आता कोणालाच सांगता येत नाही.

आता शाळेतले सहकारी किंवा शेजारी लक्षणे घेऊन माझ्याकडे येतात. मी आजाराचे नाव सांगत नाही. शोधायचेच असेल तर काय लिहून शोधावे एवढे सांगते: आपला जिल्हा, कामाचे स्वरूप, घरात आजवर झालेले आजार, लक्षण केव्हापासून आहे, मोजलेला ताप आणि मोजलेले वजन. घरातल्या आजारांसाठी आधी म्हाताऱ्या माणसांना विचारायला सांगते. हीच माहिती कागदावर लिहून डॉक्टरांकडे नेली की त्यांचा वेळ वाचतो आणि तपासणी नेमकी होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेली गाठ, खोकला किंवा ताप असेल तर सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी फुकट होते, हेही आवर्जून सांगते, कारण पुष्कळांना ते ठाऊक नसते.

उपचार संपले त्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा मागे उभे राहून मान चाचपली. एक लहान, टणक गाठ अजून हाताला लागते. ती बरी झालेली गाठ आहे, तशी राहू शकते, वाढली किंवा दुखू लागली तरच यावे, असे त्यांनी सांगितले. कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे पुढची दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचे आहे. त्यातली पहिली तपासणी झाली आहे.